डायनामो काढून अल्टरनेटर बसवताय? आधी या चुका टाळा

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर, जुनी जीप. सोलापुरात अजूनही अशा बऱ्याच गाड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत, आणि हल्ली प्रत्येक मालकाला त्यात बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर हवा असतो. हौस रास्तच आहे. जुना लुकासचा सी४० डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो, तोही इंजिन रेस केल्यावर. आयडलला जवळजवळ काहीच नाही. सात रस्त्याला हेडलाइट लावून थांबलात की उजेड पिवळा पडलाच. लुकासच्याच १७ एसीआरसारखा साधा अल्टरनेटर ३६ अँपिअर देतो आणि कमी आरपीएमलाही बॅटरी सांभाळतो. माझा राग अल्टरनेटरवर नाही. लोक मशीन नवं बसवतात, पण वायरिंग डायनामोचंच ठेवतात आणि हाताच्या सवयीही डायनामोच्याच, त्याचा राग आहे.

चालू गाडीची बॅटरी काढून चार्जिंग बघणं

हे ज्याने पहिल्यांदा शिकवलं त्याच्या काळात डायनामो होते, म्हणून त्याचं निभावलं. डायनामोत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, नसतात. अल्टरनेटरमध्ये असतात, शिवाय व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक. चार्ज घेत असलेली बॅटरी अचानक सुटली की फिल्डचा, म्हणजे आतल्या चुंबकाच्या कॉइलचा, जोर क्षणात उतरत नाही. तयार झालेल्या करंटला जायला जागा राहत नाही आणि व्होल्टेज उसळी मारतं. ही उसळी ८० ते १०० व्होल्टच्या घरात जाऊ शकते. बॅटरी जितकी उतरलेली, तितकी ती जास्त करंट ओढत असते, म्हणजे धक्काही तितका मोठा. आणि ही 'टेस्ट' नेमकी उतरलेल्या बॅटरीवरच केली जाते.

एका कापड व्यापाऱ्याची जीप होती. नवा अल्टरनेटर बसवला, मेकॅनिकने इंजिन रेस केलं, निगेटिव्हचा टर्मिनल उपसला आणि छाती फुगवून म्हणाला, "ओ मालक, बघा की, बॅटरी काढली तरी गाडी चालू हाय. चार्जिंग एकदम झकास!" टर्मिनल परत टेकवताना टचकन ठिणगी पडली. त्याकडे कोणी बघितलं नाही. मालक त्याच संध्याकाळी सहकुटुंब तुळजापूरला निघाले. घाट चढताना हेडलाइट मंद होत होत विझायला आले, आणि परतीला गाडी ट्रकच्या मागे दोर बांधून आणावी लागली. दुसऱ्या दिवशी निकाल लागला: माल डुप्लिकेट आहे. दुकानदाराशी भांडून अल्टरनेटर बदलून आणला. तो बसवला, आणि चार्जिंग येतंय का हे बघायला त्याच माणसाने त्याच हाताने पुन्हा टर्मिनल उपसला.

जीप माझ्याकडे आली तेव्हा दुसऱ्या अल्टरनेटरचे दोन डायोड शॉर्ट आणि रेग्युलेटर मेलेला. मी मालकांना एवढंच म्हणालो, साधा मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवेत. चालू करून थोडी रेस दिली, हेडलाइट लावले की १३.८ ते १४.४. संपली परीक्षा. टर्मिनलला हात लावायचं कामच नाही. माझ्या शेडमध्ये चालू गाडीच्या बॅटरीला पाना लावलेला दिसला तर तो पाना मी काढून घेतो, मग समोर कोणी का असेना.

बॉडीला वेल्डिंग करताना मात्र गाडी बंद करून बॅटरी सोडवायची आणि अल्टरनेटरच्या वायरीही. हे उलटं लोक विसरतात.

रंगावर बसवलेला रेग्युलेटर

ही चूक दिसायला किरकोळ, पण हिने सगळ्यात जास्त बॅटऱ्या खाल्ल्या आहेत. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या बाहेर असेल तर तो स्वतःच्या अर्थपासून, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेल्या जोडणीपासून, व्होल्टेज मोजतो. ती अर्थ कच्ची असेल तर त्याला खरे १४.२ असताना १३ दिसतात. मग तो फिल्ड वाढवतो, आणखी वाढवतो, आणि बॅटरी उकळते.

एक पद्मिनी आली होती, नुकताच रंग झालेली, आरशासारखी. मालक रिटायर्ड मास्तर. तक्रार अशी की आठवड्याला बॅटरीत डिस्टिल वॉटर घालावं लागतंय आणि बॉनेट उघडलं की ॲसिडचा वास येतोय. बॅटरीवाला म्हणाला बॅटरी खराब, म्हणून बदलली. नवीही तशीच. मी मीटर लावला तर १५.६. रेग्युलेटरचा स्क्रू खोलला: खाली लांबी (पुट्टी), त्यावर प्रायमर, त्यावर दोन हात रंग. लोखंडाला तो टेकलेलाच नव्हता. जे काही कनेक्शन मिळत होतं ते स्क्रूच्या पेचांतून. मी रंग खरवडायला घेतला तेव्हा मास्तरांचा जीव वरखाली झाला. "अहो, कालच पॉलिश केलंय." म्हटलं, बरं, नका खरवडू. रेग्युलेटरच्या बॉडीपासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत वेगळी काळी वायर ओढली. १४.२. तेव्हापासून मी रेग्युलेटरची अर्थ बॉडीवर सोडतच नाही, वायरच देतो. इंजिन ते चासी पट्टीही तशीच बघावी. जुन्या गाडीत ती हिरवी पडलेली असते, किंवा इंजिन उतरवताना काढलेली आणि परत न लावलेली.

अर्थ तपासायची माझी पद्धत: गाडी चालू, हेडलाइट चालू, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.२ च्या वर गेलं की मी काम पुढे नेत नाही. मग तेच पॉझिटिव्हला, अल्टरनेटरच्या बी प्लसपासून, म्हणजे करंट बाहेर येतो त्या टोकापासून, बॅटरीच्या खांबापर्यंत.

पॉझिटिव्हला जास्त येण्याचं कारण बहुतेक वेळा वायरच असते. डायनामोची जुनी २.५ चौरस मिलिमीटरची वायर तशीच ठेवली आणि दोन मीटर लांबीवर ३५ अँपिअर वाहू लागले, की जवळजवळ अर्धा व्होल्ट त्या वायरीतच जळतो आणि वायर हाताला चटका देते. ६ चौरस मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका, आणि जुन्या वायरीचं रबर आधीच पापडासारखं कडक झालेलं असतं. वर मोठा फ्यूज, ५० किंवा ६० चा. "फ्यूज कशाला, इतकी वर्षं नव्हता की," असं म्हणणाऱ्यांनी वायर पेटलेली गाडी एकदा जवळून बघावी.

डॅशबोर्डवर ॲमीटर, म्हणजे करंट दाखवणारा मीटर, असेल तर आणखी सांभाळा. ३०-०-३० च्या ॲमीटरमधून अल्टरनेटरचा सगळा करंट फिरवणं म्हणजे डॅशबोर्डमागे शेगडी. तो बाजूला ठेवून व्होल्टमीटर लावा.

कटआऊटची डबी आणि चार्जिंगचा बल्ब

डायनामोचं चार्जिंग सांभाळणारी जुनी कटआऊटची डबी मूळ रूप म्हणून ठेवायची असेल तर ठेवा, पण सर्किटमध्ये नको. लुकासच्या डबीत ए आणि ए१ वरच्या वायरी एका बोल्टवर एकत्र बांधा. डी वर दोन वायरी असतात. त्यातली बारीक वायर चार्जिंगच्या बल्बाची, ती अल्टरनेटरच्या डी प्लसला, म्हणजे लुकासवर जिथे इंड लिहिलंय तिथे. जाड वायर आणि एफची वायर टोकं झाकून बांधून ठेवा. बी प्लसला नवी वायर ओढा.

बल्बाकडे लोक शोभेची वस्तू म्हणून बघतात. तो २.२ ते ३ वॉटचा बल्ब सुरुवातीला फिल्डला करंट पुरवतो. तो उडाला असेल तर सकाळी गाडी चालू करून कितीही वेळ थांबा, चार्जिंग नाही. जोरात रेस दिली की मग कदाचित जागं होतं. तिथे एलईडी लावणारे तर माझे लाडके. एलईडीतून जातो तो करंट इतका तोकडा की फिल्ड हलत नाही. एलईडी हवाच असेल तर समांतर रेझिस्टर द्या. नाहीतर साधा बल्ब लावा की, काय बिघडतंय.

याच्या उलट टोकाचा प्रकार म्हणजे बल्बच गाळून इग्निशनची वायर थेट डी प्लसला जोडणं. मग चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, कारण अल्टरनेटर त्याच वायरीतून उलटा कॉइलला करंट देत राहतो. असा एक पाहुणा गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच सोडून, गचका देऊन बंद करायचा, आणि जुन्या गाड्यांची ही खोडच आहे असं सगळ्यांना सांगायचा.

बाहेरचा रेग्युलेटर घेताना दुकानात फक्त "१२ व्होल्टचा द्या" म्हणू नका. काही रेग्युलेटर फिल्डला पॉझिटिव्ह देतात, तेव्हा फिल्डचं दुसरं टोक अर्थ असतं. काही रेग्युलेटर फिल्डची अर्थ सोडतात-धरतात. अदलाबदल केली तर चार्जिंग एक तर शून्य, नाहीतर फुल्ल, नाहीतर रेग्युलेटरचा धूर. अल्टरनेटर सोबत घेऊन जा.

पोलॅरिटी: मॉरिसच्या वंशातल्या जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या, असू शकतात. डायनामो दोन्हीकडे चालवून घेता येतो, अल्टरनेटर एका ठिणगीत जातो. आधी बघा, मग जोडा.

वायरी पिळून टेप मारू नका. टोकाला धातूचा लग दाबा, वर स्लीव्ह घाला.

पट्टा अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबला पाहिजे. तारेसारखा ताणणारे बेअरिंग खातात. नवा पट्टा थोडा चालवल्यावर सैल पडतो, पुन्हा ओढून घ्या.

आणि रात्रीत बॅटरी उतरत असेल तर लगेच बॅटरीच्या दुकानात जाऊ नका, ते नवी विकणारच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी, इंजिन थंडगार असताना, हाताने चाचपा. कोमट लागला तर डायोड गळतोय. बॅटरी सोडवा, बी प्लसची वायर काढून टोकाला टेप लावा, बॅटरी जोडून गाडी एक रात्र तशीच उभी ठेवा. सकाळी सेल्फ खणखणीत मारला तर बॅटरी चांगली आहे, डायोड प्लेट बदलून घ्या.