स्पॅनिश आणि इंग्रजी बोलीभाषा: या चुका टाळा

स्पॅनिश सगळीकडे सारखीच, असं समजून क्लासमध्ये शिकलेला शब्द कुठल्याही देशात वापरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माद्रिदमध्ये बस ‘पकडण्यासाठी’ शाळकरी पोरंही ‘कोखेर’ हे क्रियापद बिनदिक्कत वापरतात. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात तोच शब्द संभोगासाठीचा अश्लील शब्द आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘तोमार’ म्हणायची सवय लावा, ते दोन्हीकडे चालतं. बसचंही तसंच: क्यूबात बसला ‘ग्वाग्वा’ म्हणतात, तर चिलीत ‘ग्वाग्वा’ म्हणजे तान्हं बाळ!

दुसरी चूक आपण हमखास करतो. मनात इंग्रजी वाक्य जुळवायचं आणि त्याचं स्पॅनिश करायचं. उकडतंय म्हणून ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला तुम्ही कामातुर झाला आहात असं वाटेल. बरोबर वाक्य ‘तेंगो कालोर’. खरं तर इथे मराठी माणसाचं काम सोपं आहे. आपण तरी कुठे ‘मी गरम आहे’ म्हणतो? ‘मला गरम होतंय’ म्हणतो. ‘मे गुस्ता’ची घडण तर थेट ‘मला आवडतं’ची आहे. लाज वाटली तर ‘मे दा बेर्ग्वेन्सा’ म्हणा. इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’सारखा दिसतो म्हणून ‘एम्बारासादा’ मात्र उचलू नका, त्याचा अर्थ गरोदर. स्पॅनिश शिकताना इंग्रजी बाजूला ठेवून मराठीचा हात धरा, असं मला मनापासून सांगावंसं वाटतं.

दोस्तीतले शब्द घाईने तोंडात घेऊ नका. मेक्सिकोतली तरुण मंडळी एकमेकांना दर वाक्याला ‘ग्वे’, म्हणजे ‘यार’, म्हणतात. अर्जेंटिनात ‘बोलूदो’ ही शिवीही आहे आणि जिवलग मित्राला मारलेली हाकही. आपण ‘साल्या’ कोणाला म्हणतो आणि कोणाला नाही, तोच हिशोब. समोरच्याने तुम्हाला आधी तसं म्हणू द्या. साहेबांना, सासरच्यांना किंवा दुकानदाराला तर नकोच.

इंग्रजी येतंच, या भरवशावर अमेरिकेत गेलेल्यांचीही फजिती होते. खोडरबराला तिथे ‘इरेझर’ म्हणा, ‘रबर’ म्हणजे निरोध. ‘मी २०१५ साली पास आउट झालो’ हे ऐकून अमेरिकन माणसाला वाटेल की तुम्ही बेशुद्ध पडलात. ‘ग्रॅज्युएट झालो’ म्हणा. ‘पिस्ड’ अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये दारू चढलेला. ब्रिटनमध्ये कोणी ‘यू ऑलराइट?’ विचारलं तर ते आजारपण विचारत नाहीत, नुसतं ‘काय, बरं आहे ना?’ म्हणतायत. थोडक्यात उत्तर द्या आणि पुढे चला. आणि चहा हवा असेल तर ‘आय ॲम गुड’ म्हणू नका, त्याचा अर्थ ‘नको’.

चुकीचं बोलून गेलात आणि समोरचे हसले, तर लगेच ‘पेर्दोन, के दिहे?’ म्हणजे ‘माफ करा, मी काय बोललो?’ असं विचारा. लोक आनंदाने समजावतात. मेक्सिकोत मात्र एका शब्दाचा अर्थ दर वेळी विचारूनच घ्या: ‘आओरीता’. तो ‘आत्ता लगेच’ असू शकतो, ‘थोड्या वेळाने’ही, आणि कधीकधी ‘बघू’ही. प्लंबर ‘आओरीता येतो’ म्हणाला तर लगेच विचारा, ‘आ के ओरा?’, किती वाजता?