उतरण्याच्या दोन स्टेशनं आधी मोबाइल खिशात
विरारहून दादरपर्यंत सतत मोबाइल पाहिला की उतरताना गरगरू शकतं. स्क्रीन स्थिर आहे असं डोळे सांगतात, आतला कान मात्र गाडीचे हेलकावे नोंदवत असतो. या विसंगतीत मेंदूचा गोंधळ होतो. त्यातच तासभर जवळ पाहून डोळ्यांतले स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे लांबचं काही क्षण धूसर दिसतं, आणि डबा-फलाटातली फट नेमकी तेव्हाच जोखायची असते! म्हणून दोन स्टेशनं आधीच मोबाइल ठेवा, दांडी धरून दूरच्या इमारतींकडे पाहा, आठ-दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा. स्क्रीनसमोर त्या कमी आणि अर्धवट मिटतात, डोळे कोरडे पडतात ते त्यानेच. ऑफिसात दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद पाहा. मोबाइल बाजूला ठेवूनही गरगरत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.