भाकरी थापायला शिकावे, म्हणजे ज्वारीची चव कळते

जेवणातली चव बारकाईने ओळखायला शिकायचे असेल, तर एकच साधा पदार्थ निवडून तो महिनाभर रोज स्वतःच्या हाताने करावा, आणि त्यासाठी ज्वारीच्या भाकरीइतका योग्य पदार्थ मला दुसरा दिसत नाही. पीठ, पाणी आणि विस्तव यांखेरीज तिच्यात काही नसते. चूक झाकायला फोडणी नसते की मसाला नसतो, त्यामुळे जे बिघडते ते जिभेला लगेच कळते.

सुरुवात धान्यापासून करावी. दुकानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मागून घ्यावी. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती हिवाळ्यात वाढते आणि दाणा भरताना सहसा पाऊस नसल्यामुळे तो पांढरा, टपोरा राहतो. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली, तर दाणा काळा पडतो आणि भाकरीची गोडीही जाते. 'मालदांडी' हे शाळूचे जुने, नावाजलेले वाण आहे. ते मिळाले तर अवश्य घ्यावे.

दळण थोडेच आणावे, आठ-दहा दिवसांत संपेल इतके. हे मी चुकूनच शिकलो. सुरुवातीला दुकानातले तयार पीठ आणले होते आणि आठवडाभर प्रत्येक भाकरी थापताना कडेने फाटत होती. हातच चुकत असणार, असे मी धरून चाललो होतो. आत्या आली, तिने चिमूटभर पीठ बोटांत चोळले, जिभेवर ठेवले आणि म्हणाली, "अरे, ह्याची विरी गेलीय. तू काय करणार?" विरी म्हणजे पिठाचा गोळा धरून ठेवणारा गुण; पीठ जुने झाले की तो जातो. मग मीही चाखून पाहिले, तर शेवटी घशाशी किंचित कडवटपणा येत होता. तोवर ते पीठ मी रोज खात होतो, पण चाखले एकदाही नव्हते.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लुटेन नसतो, म्हणून पिठाला उकळत्या पाण्याची उकड द्यावी लागते. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि गोळा एकसंध राहतो. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी लागते, पण ते थोडे थोडे घालावे, कारण प्रत्येक पिठाची पाण्याची भूक वेगळी असते. पाच मिनिटे झाकून ठेवल्यावर, हाताला सोसेल इतके गरम असतानाच, तळहाताच्या टाचेने रेटून मळावे. सगळे पीठ एकदम मळून ठेवू नये. एका भाकरीपुरते घ्यावे आणि कड तुटेनाशी होईपर्यंत मळत राहावे. परातीत कोरडे पीठ भुरभुरून, गोळा फिरवत फिरवत बोटांनी थापावा. पहिले आठ दिवस नकाशे होतील, ते होऊ द्यावेत.

तापलेल्या तव्यावर टाकताना पीठ लागलेली बाजू वर ठेवावी आणि लगेच तिच्यावर पाणी फिरवावे. ते पाणी पूर्ण सुकण्याआधी भाकरी उलटावी. उशीर झाला तर चिरा पडतात आणि त्यांतून वाफ निसटते. दुसरी बाजू नीट भाजली की तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरावी, म्हणजे पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

आता खाण्याकडे वळू, कारण एवढा खटाटोप त्यासाठीच आहे. पहिला घास कशालाही न लावता, नुसता, सावकाश चावून खावा. लाळेमुळे पिठातल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि वीस-पंचवीस वेळा चावल्यावर शाळूची गोडी स्पष्ट लागते. पापुद्रा वेगळा खाऊन पाहावा. त्याला भाजल्याचा खमंगपणा असतो, तर खालचा भाग मऊ आणि दुधाळ लागतो. त्यानंतर पिठल्याबरोबर खाल्ले, की पिठल्यात तिखट किती हवे याचे उत्तर बदललेले आढळेल. माझ्या घरी मिरच्या निम्म्यावर आल्या.

पुढच्या आठवड्यात ताज्या दळणाची एक आणि महिनाभर ठेवलेल्या पिठाची एक, अशा दोन भाकऱ्या शेजारी ठेवून खाव्यात. शिवाय रोज एक भाकरी मुद्दाम शिल्लक ठेवावी आणि सकाळी ताकात कुस्करून, मीठ आणि कच्चा कांदा घालून खावी. रात्रीची गोडी ताकाच्या आंबटपणात कशी उतरते, ते तेव्हाच कळते.