त्वरणावर चालणारा मेम्स स्विच बनवताय? या चुका टाळा

मेम्स म्हणजे चिपच्या तंत्राने बनवलेली सूक्ष्म यांत्रिक रचना. कागदावर हा स्विच फारच सोपा दिसतो. सिलिकॉनचा किंवा निकेलचा एक ठोकळा, त्याला धरून ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंगा आणि समोर काही मायक्रॉनवर इलेक्ट्रोड. धक्का बसला की ठोकळा सरकतो, इलेक्ट्रोडला टेकतो आणि सर्किट पूर्ण होतं. तोवर विजेचा खर्च जवळपास शून्य. बॅटरी वर्षानुवर्षं पुरवायची असते तिथे त्वरणमापकाऐवजी हा स्विच घेतात तो यासाठीच. गोंधळाला सुरुवात होते ती 'हा ५० जीचा स्विच' (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट त्वरणाला जोडला जाणारा) असं कुणी म्हटलं की. किती वेळ टिकणाऱ्या धक्क्यासाठी ५० जी, हे सोबत सांगितलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

धक्का किती वेळ टिकतो, हे न पाहणं

स्थिर त्वरणाचं गणित सगळ्यांना येतं: स्प्रिंगचा ताठरपणा गुणिले अंतर म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. त्यातच दडलेली एक गोष्ट मात्र सुटते. उंबरठा (ज्या त्वरणाला स्विच जोडला जातो ते) आणि ठोकळा-इलेक्ट्रोडमधलं अंतर ठरवलं की नैसर्गिक वारंवारताही (मोकळा सोडलेला ठोकळा सेकंदाला किती हेलकावे घेतो तीही) ठरून जाते, मग वस्तुमान कितीही घ्या. ५० जी आणि १० मायक्रॉन धरले तर ती साधारण १,११५ हर्ट्झ येते, म्हणजे एका दोलनाला ०.९ मिलीसेकंद.

आता या स्विचला १ मिलीसेकंदाचा अर्ध-साइन आकाराचा, म्हणजे एका कमानीसारखा चढून उतरणारा धक्का द्या. अवमंदन (हेलकावे शमवणारा अडथळा) नगण्य असेल तर ठोकळा स्थिर गणितापेक्षा सुमारे १.७ पट जास्त सरकतो, आणि ५० जीचा म्हणून विकलेला स्विच ३० जीलाच टेकतो. तोच धक्का ०.१ मिलीसेकंदाचा असेल तर ठोकळा हलायला लागेपर्यंत धक्का संपलेला असतो; ११० जीच्या पुढे गेल्याशिवाय संपर्क होत नाही. स्विच तोच, आकडे तीन! म्हणून आधी ज्या घटनेसाठी स्विच हवा तिचा धक्का मोजा, त्याचा कालावधी बघा, आणि मगच अंतर ठरवा. अंतर वाढवलं की वारंवारता उतरते, क्षणिक आपटण्याला स्विच फसत नाही, पण खऱ्या घटनेलाही तो जरा उशिराच प्रतिसाद देतो.

अवमंदन इथे शत्रू नाही, हातातलं साधन आहे. गाडीतल्या एअरबॅगच्या जुन्या सेन्सरमध्ये नळीतला धातूचा गोळा भोवतीच्या हवेला रेटत पुढे जायचा. हवेच्या त्या अडथळ्यामुळेच क्षणिक ठोक्याला तो दाद देत नसे. मेम्समध्ये हेच काम ठोकळ्यातली भोकं आणि पॅकेजमधला दाब करतात. नमुना उघड्या हवेत तपासून नंतर तो निर्वात पॅकेजमध्ये बंद केला, तर तपासणीतल्या आकड्यांवर विसंबू नका.

संपर्क झाला, पण सर्किटला कळलंच नाही

त्वरण हळूहळू वाढत उंबरठ्यावर आलं, तर त्या क्षणी इलेक्ट्रोडवरचा दाब शून्य असतो. सगळा भार स्प्रिंगांनी पेललेला असतो. वरचं जास्तीचं त्वरणच काय ते दाबतं. १ मिलिमीटर × १ मिलिमीटर × ५० मायक्रॉनचा सिलिकॉनचा ठोकळा घेतला तर उंबरठ्याच्या वर १० जीला जेमतेम ११ मायक्रोन्यूटन मिळतात. एवढ्या हलक्या दाबाला सोन्याचा संपर्कही बेभरवशाचा, रोध वरखाली होत राहतो. खऱ्या धक्क्यात ठोकळा वेगाने येऊन आदळतो खरा, पण कडक इलेक्ट्रोडवरून तो लगेच उसळतो आणि संपर्क काही मायक्रोसेकंदांत तुटतो.

इलाज दोन. इलेक्ट्रोड थोडा लवचीक करा, म्हणजे तो ठोकळ्याबरोबर मागे जातो आणि संपर्क लांबतो. शिवाय मायक्रोकंट्रोलरला दर मिलीसेकंदाला पिन तपासायला लावू नका. इंटरप्ट (पिन बदलताक्षणी मायक्रोकंट्रोलरला जागं करणारा संकेत) किंवा फ्लिप-फ्लॉप (क्षणभराचा संकेतही धरून ठेवणारं सर्किट) वापरा.

धक्का नसतानाच स्विच जोडला जातो

इथे संशयित बहुधा व्होल्टेज. समोरासमोरच्या दोन पत्र्यांमध्ये विद्युत आकर्षण असतं आणि ठोकळा अंतराच्या एक तृतीयांश सरकला की तो स्वतःहून पुढे खेचला जातो. वरचाच ठोकळा, तळाची पूर्ण बाजू इलेक्ट्रोडसमोर आणि १० मायक्रॉन अंतर: ५० जीच्या डिझाइनला असं व्हायला सुमारे १४ व्होल्ट लागतात. तेच डिझाइन ५ जीचं केलं की ४.४ व्होल्ट पुरतात. म्हणजे ५ व्होल्ट जोडताक्षणी काम तमाम. इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ कमी करा, ठोकळ्यासमोरची बाकीची जागा ठोकळ्याच्याच व्होल्टेजवर ठेवा. स्विच खेचला गेला नाही तरी उंबरठा खाली सरकतोच, त्यामुळे मोजणी प्रत्यक्ष वापरातल्याच व्होल्टेजवर करा.

एकाच वेफरवरचे (सिलिकॉनच्या एकाच चकतीवरचे) स्विच वेगवेगळे वागतात

स्प्रिंगची रुंदी तपासा. ठोकळा ज्या दिशेने सरकतो तीच स्प्रिंगच्या रुंदीची दिशा असेल, तर ताठरपणा रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. मास्कवर (आराखड्याच्या साच्यावर) ५ मायक्रॉन आणि एचिंगनंतर (कोरून काढल्यावर) ४.५ उरले, तर २७ टक्के ताठरपणा गेला, उंबरठाही तेवढाच उतरला. वेफरच्या मध्यभागी आणि कडेला एचिंग सारखं होत नाही, त्यामुळे हा फरक दिसणारच. जरा रुंद आणि लांब स्प्रिंग घ्या. जागा जास्त जाते, पण चुकीचा टक्का घटतो. दोन्ही टोकांना पक्क्या बांधलेल्या सरळ पट्टीपेक्षा दुमडलेली स्प्रिंग बरी, कारण थरातला अंतर्गत ताण तिच्यात मोकळा होतो.

तपासणीतली फसगत

कमी उंबरठ्याच्या स्विचमध्ये गुरुत्वाकर्षण विसरू नका: ५ जीचा स्विच सुलटा-उलटा केला की आकडा १ जीने इकडे किंवा तिकडे, म्हणजे २० टक्के. आणि नमुना दुहेरी चिकटपट्टीने बसवू नका. पट्टी धक्का गिळते, लांबवते, आणि आपण स्विच नव्हे, पट्टी मोजत बसतो. संदर्भ त्वरणमापक नमुन्याला लागूनच, त्याच कडक तळावर बसवा. जमलं तर स्थिर उंबरठा सेंट्रिफ्यूजवर (गोल फिरवून स्थिर त्वरण देणाऱ्या यंत्रावर) वेगळा मोजा. तो बरोबर आणि धक्क्याचा चुकीचा आला, तर दोष स्प्रिंगमध्ये शोधू नका. अवमंदन आणि कालावधी बघा.