प्लांटेड टँक: दिवा कमी, झाडं जास्त

प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, बिघडतो तो बहुतेक वेळा दिव्यापायी. सगळ्यात प्रखर एलईडी आणला जातो, तो बारा-बारा तास चालू राहतो आणि खाली झाडं असतात जेमतेम पाच-सहा. उजेड वाढला की झाडांना कार्बन डायऑक्साइड आणि खतही जास्त लागतं. ते मिळालं नाही की वाढ खुंटते आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसलं जातं. म्हणून पहिला महिना दिवा रोज फक्त 6 तास, तोही टायमरवर. पुढे झाडं जोमात दिसली तर फार तर 8 तास. थेट ऊन येईल अशा खिडकीजवळ टाकी ठेवूच नका.

सुरुवातीला 60 × 30 × 36 सेंमीची टाकी बरी. माती-दगड वजा जाता तिच्यात 50 ते 55 लिटर पाणी मावतं. छोटी टाकी सोपी वाटते, पण थोड्या पाण्याचं तापमान पटकन वरखाली होतं आणि घाणही लवकर साठते. भरल्यावर वजन 75 किलोच्या पुढे जातं, तेव्हा स्टँड भक्कम आणि समपातळीत हवा.

तळाला समोर 3 ते 4 सेंमी आणि मागे 7 ते 8 सेंमी असा उतार द्या. त्याला साधारण 10 लिटर ॲक्वासॉइल, म्हणजे पाणवनस्पतींसाठी मिळणारी दाणेदार पोषक माती, लागते. ही माती धुवायची नसते, धुतली की दाणे फुटून गढूळपणा येतो. साधी वाळू वापरायची तर आधी तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे, पाणी जड होत जाईल. ती बाजूला ठेवा. वाळूत स्वतःचं पोषण नसतं, त्यामुळे मुळांपाशी दर 10-15 सेंमीवर खताची गोळी खोचावी लागते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा.

लागवड पहिल्याच दिवशी दाट करा. तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाकला गेला पाहिजे. हायग्रोफिला, रोटाला, व्हॅलिसनेरिया अशी भराभर वाढणारी झाडं मागे लावा. हायग्रोफिला-रोटालाच्या काड्यांची खालची पानं काढून, लांब चिमट्याने एकेक काडी किंचित तिरकी धरून 3 सेंमी खोल खोचा. जुडी तशीच लावली तर मधल्या काड्या कुजतात. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं जाड खोड मातीत पुरलं की ते सडतं. ते लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा, नाहीतर सुपरग्लू जेलचा थेंब लावून चिकटवा. क्रिप्टोकोरिनची पानं नव्या टाकीत विरघळल्यासारखी गळतात. घाबरून उपटू नका, मुळं शाबूत असली की काही आठवड्यांत नवे कोंब येतात.

मग धीर धरायचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना घातक, तिसरा झाडांचं खाद्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये रुजायला 4 ते 6 आठवडे लागतात. ॲक्वासॉइल स्वतःच अमोनिया सोडते, त्यामुळे या काळात दर दोन-तीन दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदला. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासे आणायचे नाहीत. पाणी काचेसारखं नितळ झालं म्हणजे टाकी तयार झाली, असं मुळीच नाही.

या आकाराच्या टाकीत 10 निऑन टेट्रा किंवा हार्लेक्विन रास्बोरा आणि तळाशी 6 छोटे कोरीडोरास पुरे. सगळे एकदम सोडू नका. टेट्रा नाजूक, ते शेवटी. गप्पींना थोडं जड पाणी मानवतं, निऑनना मऊ, त्यामुळे दोघांपैकी एकच निवडा. रंग खुलायला गडद तळ, मागे दाट हिरवळ आणि आपल्या जातीची सोबत लागते. पांढऱ्या वाळूवर, लपायला जागा नसताना तोच निऑन फिका दिसतो. गोल्डफिश झाडं कुरतडतो, आणि ‘काच साफ करणारा’ म्हणून मिळणारा प्लेको फूटभर वाढतो. दोन्ही टाळा. तापमान 24 ते 26 अंश. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

दर आठवड्याला 15 ते 18 लिटर पाणी बदला. नवीन पाणी तेवढ्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

पानं बघून पुष्कळ कळतं. जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नायट्रोजन कमी, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी, नवी पानं फिकी पण शिरा हिरव्या तर लोह कमी. नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा आपोआप जातो, बोटाने पुसला तरी चालतो. पानांच्या कडांना काळे केसाळ झुपके आले तर ती पानं कापून टाका; कार्बन डायऑक्साइड कमीजास्त होत असला की ते हमखास येतात.

कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर सुरुवातीला लागत नाही. लावलाच तर सेकंदाला एका बुडबुड्याने सुरुवात करा. दिव्याआधी तासभर चालू, दिवा विझण्याआधी तासभर बंद. पाण्यातला गॅस रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर टाकीत लावा: निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे जास्त. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर भूक लागली समजून खाणं टाकू नका: गॅस लगेच बंद करा, फिल्टरची धार वर वळवून पृष्ठभाग खळबळता ठेवा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला.