रिले अँटेना नेमक्या दिशेला लावण्याची सोपी रीत

कोयना परिसरासारख्या डोंगराळ भागात भूकंपमापकाच्या नोंदी कड्यावरच्या रिले रेडिओकडे (सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या रेडिओकडे) पाठवताना सिग्नल सर्वाधिक दिसेल तेथेच अँटेना आवळली जाते. परंतु त्या जागी ती थोडी इकडेतिकडे फिरली तरी आकडा जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे खरी दिशा हाती लागत नाही.

१. दुसऱ्या टोकाची अँटेना अंदाजे दिशेला बांधून ठेवावी आणि आपली अँटेना दोन्ही बाजूंना भरपूर फिरवून सर्वांत जोरदार सिग्नल कोठे मिळतो ते पाहावे, कारण अँटेनाच्या मुख्य झोताशेजारच्या दुय्यम, कमजोर झोतावरही सिग्नल वाढल्याचा भास होतो.

२. तेथून डावीकडे सिग्नल ६ डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलच्या जोराचे माप) उतरेल तेथे खांबावर खूण करावी, तशीच उजवीकडेही. वाचन हलत असते, म्हणून काही क्षण थांबूनच खूण करावी.

३. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर अँटेना आवळावी, मग हेच दुसऱ्या टोकाला करावे.

समोरचा खांब दुर्बिणीतून दिसतो एवढ्यावर मात्र विसंबू नये, कारण रेडिओलहर दृष्टिरेषेभोवती पसरून जाते. २.४ गिगाहर्ट्झवरील २० किलोमीटरच्या दुव्यात मध्यभागी दृष्टिरेषेखाली सुमारे १५ मीटर मोकळी जागा लागते, शिवाय पृथ्वीच्या वक्रतेसाठी साधारण ६ मीटर वेगळे धरावे लागतात, आणि ही मोजणी जमिनीपासून नव्हे तर झाडांच्या शेंड्यांपासून करावी.

अँटेनाचा खांब भूकंपमापकाच्या खड्ड्यालगत रोवू नये; वाऱ्याने खांब डोलला की तो कंप जमिनीतून थेट नोंदीत उतरतो.