नवीन फिश टँक: पहिल्या दीड महिन्यात या चुका टाळा

टाकी आणून आठ-दहा दिवस होतात, मासे एकेक करून जायला लागतात आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतं, "जाऊ दे, घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं." माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी आजीने हेच सांगितलं आणि मलाही ते ऐकून बरं वाटलं, कारण दोष माझ्यावर येत नव्हता. संकट होतं, पण टाकीतलंच. त्याचं नाव अमोनिया.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. जुन्या टाकीत काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की निघून जाणारं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच आणि वाढतातही फार सावकाश. दह्याचं विरजण रात्रीत लागतं. यांना दुप्पट व्हायलाच साधारण एक दिवस लागतो. पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे. यालाच टाकी 'सायकल' होणं म्हणतात. मासे आणण्याआधी, बाहेरून अमोनिया घालून हे केलं तर उत्तमच. पण बहुतेकांना हा शब्द कळतो तेव्हा मासे टाकीत आलेले असतात. हा लेख त्यांच्यासाठी. जिवाणू तयार होईपर्यंत त्यांचं काम तुमच्या बादलीने, म्हणजे पाणी बदलून, करायचं आहे.

"दोन दिवस मशीन चालवा, मग मासे न्या"

दुकानात हमखास मिळणारा सल्ला. दोन दिवसांत नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडतो, इतकंच. नुसत्या स्वच्छ पाण्यात जिवाणूंना खायला काही नसतं, त्यामुळे अशी टाकी महिनाभर चालवली तरी जिथल्या तिथे. दुसरी गंमत म्हणजे 'जुन्या टाकीचं बादलीभर पाणी घाला, जिवाणू येतील'. जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. खरं विरजण हवं असेल तर ओळखीच्या कुणाच्या चालत्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मागा आणि त्याच टाकीच्या पाण्यात भिजलेला ठेवून घरी आणा. वाटेत वाळू देऊ नका. आणलेला स्पंज आपल्या फिल्टरमध्ये बसवला की काही आठवडे वाचू शकतात.

आणि सुरुवातीला मासे मोजके. दोन फुटी टाकीत चार-पाच झेब्रा डॅनिओ पुरे. गोल्डफिशची जोडी दिसायला गोड असते, पण ती खाते भरपूर आणि घाणही तेवढीच करते.

पाणी डोळ्यांनी तपासणं

अमोनियाला रंग नाही आणि मासे मारण्याइतक्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. आरशासारख्या स्वच्छ पाण्यात मासे मरतात. म्हणून थेंबांचं टेस्ट किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा; ७ म्हणजे मधलं). माझं मत विचाराल तर रंगीत खडी, बुडबुडे सोडणारा शिंपला आणि खजिन्याची पेटी यांचे पैसे वाचवून किट घ्यावं. पहिला महिना रोज मोजा. नायट्रेटच्या किटची बाटली, सूचनेत लिहिलंय तितका वेळ, नीट हलवा; आळस केला तर आकडा खोटा कमी दिसतो.

आकडा वाचताना पीएच सोबत वाचावा लागतो, आणि इथे बरेच जण फसतात. किट एकूण अमोनिया दाखवतं. त्यातला काही भागच खरा विषारी असतो, आणि तो किती हे पीएच ठरवतो. पाणी २८ अंशांवर असताना पीएच ७ असेल तर विषारी भाग सुमारे ०.७ टक्के असतो. पीएच ८ झाला की तोच साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे किटवर तोच १ पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) आकडा एकाच्या टाकीत निभावून जातो आणि शेजाऱ्याच्या टाकीत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. बोअरचं कडक पाणी हवेचा पंप लावल्यावर अनेकदा आठच्या आसपास जातं. तुमचं पाणी असं असेल तर अमोनिया ०.२५ दिसताच बादली उचला. पीएच सातच्या आसपास असेल तर अमोनिया आणि नायट्राइटची बेरीज ०.५ झाली की.

पाणी बदलायला घाबरणं

"पाणी बदललं की सायकल पहिल्यापासून सुरू होते" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त विचारतो: जिवाणू कुठे राहतात? स्पंजात. मग पाण्याबरोबर जातील कसे? मासे अमोनिया सोडतच असतात, त्यामुळे जिवाणू उपाशीही राहत नाहीत.

हिशोब सोपा आहे. अमोनिया २ पीपीएम असताना चौथा हिस्सा पाणी बदललं तर उरतो १.५. अर्धं बदललं तर १. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं बदललं तर ०.५, शिवाय दिवसभरात जेवढा नव्याने तयार झाला त्याच्या निम्मा. म्हणजे 'आठवड्याला वीस टक्के' हा नियम बसलेल्या टाकीचा. नव्या टाकीला तो पुरत नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळी टाकी रिकामी करून, खडी घासून, पुन्हा भरणं. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं की लोक हेच करतात. तो पांढरेपणा दुसऱ्याच जिवाणूंचा असतो. खाणं कमी केलं की काही दिवसांत आपोआप निवळतो.

नवीन पाण्याचं तापमान हाताला टाकीतल्या पाण्याइतकंच लागलं पाहिजे, आणि त्यात अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन काढून टाकणारं औषध, घातलेलं असलं पाहिजे. महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूही मारतो. पाणी बदलल्यावर तासाभरात मासे धापा टाकू लागले तर पहिला संशय यावर घ्या. बादलीत आधी औषध मिसळत असाल तर बादलीपुरतं. पाइपने थेट टाकीत भरत असाल तर पूर्ण टाकीच्या हिशोबाने. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे कागदावर ५६ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की हातात साधारण ४५.

फिल्टर चकाचक धुणं

ही माझी स्वतःची चूक. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया शून्यावर आला, मी खूश. रविवारी स्पंज काढला आणि नळाखाली धरून कपड्यांच्या ब्रशने पांढराशुभ्र केला. बुधवारी अमोनिया परत १. तीन आठवडे मेहनतीने जे वाढवलं ते मोरीत वाहून गेलं होतं. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून सोडा, तेही फिल्टरचा प्रवाह मंदावला तरच.

वीज जाणं हा याचाच भाऊ. जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. चार-पाच तास वीज जाणार असेल तर स्पंज फिल्टरमधून काढून टाकीत मोकळा सोडा, बॅटरीवरचा पंप असेल तर लावा. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि वीज बारा तासांनी आली, तर आतलं कुजकं पाणी आधी ओतून द्या. तसंच चालू केलं तर ते सगळं माशांच्या अंगावर येतं.

खाण्याचा हात सैल

माशाचं खाणं म्हणजे उद्याचा अमोनिया. ४० टक्के प्रथिनं असलेल्या एक ग्रॅम खाण्यात सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी पाण्यात उतरला तरी ४५ लिटरच्या टाकीत ०.७ पीपीएमची भर. एका दिवसाआड, मिनिटभरात संपेल एवढंच द्या. घरात लहान मूल असेल तर डबा उंचावर.

"अमोनिया शून्य, तरी मासे गुदमरतात"

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली तक्रार. पहिल्या फळीचे जिवाणू कामाला लागलेत, दुसरे अजून मागे आहेत, म्हणून नायट्राइट साचतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही, कल्ले तपकिरी दिसतात. इथे साधं खडे मीठ उपयोगी पडतं, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतो. १० लिटरला १ ग्रॅम, विरघळवून, हळूहळू. पाणी बदलाल तेव्हा बदललेल्या पाण्यापुरतंच पुन्हा घाला. मीठ घातलं म्हणून बादलीला सुट्टी नाही.

नायट्राइट पाच-सहा आठवडे हलतच नसेल तर पीएच बघा. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खातात, तो संपला की पीएच घसरतो, आणि आरओच्या पाण्यात तो जवळपास नसतोच. पीएच सहाच्या खाली गेला की त्यांचं काम जवळपास थांबतं. घरच्या आरओचं 'शुद्ध' पाणी टाकीला घालणाऱ्यांनी ते नळाच्या पाण्यात मिसळून वापरावं. मात्र असा घसरलेला पीएच एका दमात वर आणू नका: साठलेला, तोवर निरुपद्रवी असलेला अमोनिया त्याच क्षणी विषारी होतो. रोज थोडं थोडं, दहा टक्के पाणी बदलत चढवा.

आणि दुकानातून फुकट मिळालेली निळ्या औषधाची बाटली या टाकीत रिकामी करू नका. मेथिलीन ब्लू जिवाणूंनाही मारतं. मासा खरंच आजारी असेल तर त्याला वेगळ्या टबात काढून औषध द्या.

झाली का सायकल?

नेहमीचं खाणं देऊन, तीन-चार दिवस पाणी न बदलता, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट चढताना दिसला, की झाली. त्या आनंदात एकदम दहा मासे आणू नका. जिवाणू आहेत त्या माशांपुरतेच वाढलेले असतात. दोन-तीन आणा, आठवडाभर पुन्हा रोज मोजा, मग पुढचे.